भांडी भिशीतला मोर

शनिवारी दुपारी पावणेपाच वाजता, नाशिक रोडच्या शिवकृपा सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, दीपमाला निकम यांच्या मोबाइलवरचं चक्र फिरत फिरत हळू झालं, शेणखताच्या घरावर जरा रेंगाळलं, पुढे सरकलं आणि मोरावर येऊन थांबलं. हे अकरा बायकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मोर मात्र आला नाही.

आलं ते त्याचं पीस. पडद्यावर फटाके उडाले, सनई वाजली आणि पाटी झळकली: ‘अभिनंदन! तुम्हाला मोराचं एक पीस मिळालं आहे. साठ पिसं जमवा आणि मोर घरी न्या!’

अकराजणींनी माना पुढे काढून पाटी वाचली.

“म्हणजे मोर लागला का नाही?” पहिल्या मजल्यावरच्या हर्षालीने विचारलं.

“लागला,” दीपमाला म्हणाली. मग पाटी पुन्हा वाचून म्हणाली, “पण थोडा लागला.”

“थोडा म्हणजे? वहिनी, आपल्या भिशीत कुणाला कुकर लागला, तर नुसती शिट्टी हातात दिली का तुम्ही कधी?”

प्रश्न बिनतोड होता, कारण दीपमालाने असं कधीच केलं नव्हतं. शिवकृपातली भांड्यांची भिशी ती लग्न होऊन इथे आल्यापासून चालवत आली होती. बारा बायका, दर महिन्याला एक भांडं. बारा नावांच्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात. दर महिन्याला एक चिठ्ठी निघणार, जिची निघेल तिला त्या महिन्याचं भांडं, आणि निघालेली चिठ्ठी परत डब्यात जाणार नाही. वर्ष संपेपर्यंत प्रत्येकीचा नंबर लागतोच. भिशी चालवणारीने पहिला नंबर चिठ्ठीविना घ्यायचा असा सगळीकडे रिवाज आहे. दीपमालाने तो हक्कही सोडला होता. नात्यातल्या बायकांत ती गोष्ट ती स्वतः सांगत नसे. पण दुसरं कुणी सांगू लागलं, तर थांबवतही नसे.

आता या डब्याचा आणि मोबाइलमधल्या मोराचा संबंध काय, तर तो दीपमालाने जोडला होता, आणि शनिवारच्या प्रसंगाचं मूळ तिथेच होतं.

‘हिरवा मळा’ नावाचा तो खेळ. फुकट. त्यात मोबाइलवर कांदे लावायचे, द्राक्षं छाटायची, कोंबड्यांना दाणे टाकायचे. जाहिरात पूर्ण पाहिली की एक किल्ली मिळते आणि किल्ली लावली की नशिबाचं चक्र एकदा फिरवता येतं. चक्रावर शेणखताची गोणी, बियाणं, बादली, कोंबडी, बैलजोडी, विहीर आणि मोर. ज्या मंडळाच्या मळ्यात मोर, ते मंडळ तालुक्यात पहिलं. शिवकृपाचं भिशी मंडळ त्या वेळी तालुक्यात सातवं होतं, आणि समोरच्या सोसायटीचं हळदीकुंकू मंडळ सहावं. हे सहन होण्यासारखं नव्हतं.

पंधरा-वीस दिवस चक्र फिरवल्यावर बायकांना शेणखत आलं, बियाणं आलं, पुन्हा शेणखत आलं, बादली, कोंबडी, एकीला बैलजोडी, दुसरीला विहीर. तेव्हा दीपमालाने भिशीच्या बैठकीत, चहा होण्याआधी, शांतपणे मांडणी केली.

“हे बघा, सगळं एकेकदा येऊन गेलंय. राहिलाय फक्त मोर. म्हणजे आता डब्यात एकच चिठ्ठी उरलीय. उगाच बाराजणींनी बारा ठिकाणी फिरवण्यापेक्षा सगळ्यांच्या किल्ल्या एका मोबाइलवर घ्या. मोर येईल, जाईल कुठं?”

कुणालाच त्यात खोट दिसली नाही. डबा असाच तर चालतो! शेणखत एकदा येऊन गेल्यावर पुन्हा का येत होतं, हा प्रश्न एकीने विचारला होता. पण शेणखताच्या चिठ्ठ्या जास्त टाकल्या असतील, त्या संपतील, असं उत्तर दीपमालाने दिलं आणि ते पटण्यासारखं होतं.

मग महिनाभर शिवकृपात जाहिराती पाहिल्या गेल्या. भाजी फोडणीला टाकून बायका कंबरदुखीच्या पट्ट्याची जाहिरात शेवटपर्यंत पाहत. परदेशातलं शिक्षण, टकलावरचं तेल, कर्ज, दुर्बीण, सगळं पाहून झालं. त्याचं फळ म्हणून सगळ्यांना फोन येऊ लागले. दीपमालाला एका पोराने ट्रॅक्टरसाठी कर्ज देऊ केलं.

“मॅडम, आपली शेती कुठे आहे?”

“मोबाइलमध्ये.”

“किती एकर?”

दीपमालाने खरंच आठवून पाहिलं, आणि मग तिला स्वतःचाच राग येऊन तिने फोन ठेवला.

अशा रीतीने जमलेल्या सगळ्या किल्ल्या शनिवारी तिच्या मोबाइलवर आल्या. वहिनींच्या शब्दावर आल्या, हे महत्त्वाचं. एकामागून एक चक्र फिरलं आणि शेणखत आलं. शेणखत संपेचना. खोलीत बसलेल्या बायकांचे चेहरे हळूहळू गोणीसारखे होत गेले. शेवटच्या किल्लीला मोरावर काटा थांबला, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

“काकू, जरा इकडे द्या,” तेजस्विनी म्हणाली. ही तिसऱ्या मजल्यावरची नवीन भाडेकरू. संगणकाच्या कंपनीत घरूनच काम करते, भिशीत येऊन वर्ष झालं नव्हतं. तिने चक्राच्या कोपऱ्यातल्या, तिळाएवढ्या एका खुणेवर बोट ठेवलं. आतून एक पान उघडलं. कुणाला काय लागण्याची शक्यता किती, ते त्यावर बारीक अक्षरात होतं. शेणखत, एकसष्ट टक्के. मोर, शून्य पूर्णांक चार टक्के.

“म्हणजे काय?” हर्षालीने विचारलं.

“म्हणजे हजारात चार.”

“मग हजार वेळा फिरवलं की चार मोर देतील?”

“नाही. देतीलच असं नाही. एकही नाही आला, असंही होऊ शकतं.”

“मग चार कशाला लिहिलंय?”

“सरासरी आहे ती, हर्षालीताई. इथे निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवत नाहीत. दर वेळी परत डब्यात टाकतात.”

“परत डब्यात?” दीपमालाचा आवाज चढला. “आणि ज्याचा नंबर राहिलाय त्याने काय करायचं?”

“वाट बघायची.”

“किती?”

“ते नाही सांगता येत.”

दीपमालाने इतकी बेशिस्त भिशी आयुष्यात ऐकली नव्हती. तिला वाटलं, आपल्याला कळत नाहीये असं नाही. आपल्याला कळतंय तेच चुकीचं आहे. हे दोन्ही एकदमच वाटल्यामुळे ती चहा ठेवायला उठली. चहात साखर टाकायची राहिली, आणि तो सगळ्यांनी तसाच प्यायला.

संध्याकाळी समाधानराव, म्हणजे तिचे यजमान, सातपूरहून पहिली पाळी आणि वर ओव्हरटाइम करून घरी आले. ते कारखान्यात तपासणी विभागात. टक्क्यांचा विषय म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“हजारात चार? आमच्याकडे हजारात चार नग खराब निघाले तर अख्खा माल परत येतो. साहेब सगळ्यांना उभं करतात.”

“अहो, पण मोर म्हणजे खराब नग नाही!”

“कंपनीच्या दृष्टीने तोच खराब नग. मोर मिळाला की माणूस खेळ बंद करणार. त्यांचा प्रयत्न तो आकडा शून्यावर आणायचाच असणार. मी असतो तर आणला असता.”

घरातला माणूस खेळाच्या कंपनीच्या बाजूने बोलतोय हे पाहून दीपमाला स्वयंपाकघरात निघून गेली. रात्री समाधानरावांना आमटीतलं पाणी वाढलं गेलं, डाळ तळाला राहिली.

रविवारी सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे कोंडाजी अप्पा जिना चढून मुद्दाम वर आले. अप्पा निवृत्त, सोसायटीची पाण्याची मोटर आणि सगळ्यांची सुखदुःखं सांभाळतात. चक्राला विसावा द्यावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. सारखं फिरवलं की तापतं, आणि तापलेलं यंत्र शेणखतच देणार. एका बाईने डाव्या हाताने फिरवायला सांगितलं. दुसरीच्या बहिणीला म्हणे कोंबडी पाळल्यावर, म्हणजे खेळातली कोंबडी पाळल्यावर, मोर आला होता. दीपमालाने नामपूरला माहेरी फोन लावला तो मन हलकं करायला. वडील गोटीरामबाबा कांद्याच्या लिलावातून नुकतेच आले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं.

“मोर जोयजे तुले? आठे वावरमा रोज येतस, समदी बाजरी खाई जातस. कितला धाडू?”

“बाबा, शेतात येऊन बाजरी खातो तसला मोर नाही.”

“मंग कसला शे?”

तिने कांद्याला काय भाव मिळाला, ते विचारलं. 

सोमवारी तिने रीतसर तक्रार करायचं ठरवलं. खेळातच तक्रारीची खिडकी होती आणि खिडकीत मैना नावाची मदतनीस होती. दीपमालाने लांबलचक मजकूर लिहिला: काटा मोरावर थांबला, अकरा साक्षीदार आहेत, मोर अख्खा द्यावा. मैनेने डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं. ‘प्रिय शेतकरी, आपलं दुःख आम्हाला आवडलं. आपल्या संयमासाठी एक शेणखत!’ आणि एक गोणी खात्यात जमाही झाली.

मंगळवारी, चांगली साडी नेसून, ती ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका सरकारी कचेरीत गेली. खिडकीतल्या बाईंनी आधी बिल मागितलं.

“बिल नाही. खेळ फुकट आहे.”

“मग तुम्ही ग्राहक कशा?”

“जाहिराती पाहिल्यात. महिनाभर.”

“पाहून काही घेतलं?”

“नाही.”

“मग तक्रार त्यांनी करायला पाहिजे, ताई.”

बाईंचा सूर चांगला होता. म्हणूनच ते जास्त लागलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी एवढंच ऐकलं होतं की मोर मिळाला नाही. त्यांनी आपुलकीने सुचवलं, की मोराचं काम इथे होत नाही, वनखात्यात जा, आणि मोर घरात ठेवणं गुन्हा आहे हे माहीत आहे ना? पीस एकच आहे, असं दीपमाला म्हणाली. ते पडलेलं आहे की उपटलेलं, असं त्यांनी विचारलं. ती नमस्कार करून निघाली.

इथवर प्रकरण मोराचं होतं. बुधवारी ते डब्याचं झालं.

पाडवा जवळ आला होता. पाडव्याला शिवकृपाची नवी भिशी सुरू होते. जिन्यात बायका बोलत उभ्या होत्या आणि तेजस्विनीने सहज सुचवलं, की यंदा चिठ्ठ्यांऐवजी मोबाइलवरच नाव काढू या, ॲप मिळतात, डबा नको, कागद नको, कुणाचा हात नको. तिच्या मनात काही नव्हतं. पण शेवटचे तीन शब्द हर्षालीच्या मनात राहिले.

हर्षालीचं एक जुनं दुखणं होतं. गेली तीन वर्षं तिची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी निघाली होती. मागच्या वर्षी दिराच्या लग्नाला मोठं तपेलं हवं होतं. भिशीतलं तपेलं लग्न होऊन सून माहेरपणाला गेल्यावर आलं. लग्नात तपेलं भाड्याने आणावं लागलं, आणि ते दुसऱ्याचं नाव कोरलेलं होतं.

“तेजस्विनी,” ती म्हणाली, “तीन वर्षं लागोपाठ शेवटी, हे किती टक्के गं?”

तेजस्विनीने मोबाइल काढला. तो काढू नये, असं पायरीवर उभ्या दीपमालाला फार वाटलं.

“बारा गुणिले बारा गुणिले बारा. सतराशे अठ्ठावीसात एक.” तिने पुन्हा पाहिलं आणि हसली. “हर्षालीताई, तुम्ही मोरापेक्षाही दुर्मीळ आहात!”

सगळ्या हसल्या. हर्षालीही हसली, पदर सारखा करून जरा मान ताठ केली. मोरापेक्षा दुर्मीळ, असं तिला आजवर घरातही कुणी म्हटलं नव्हतं. मग तिचं हसू हळूहळू थांबलं.

“म्हणजे असं सहसा होत नाही?”

“सहसा नाही.”

“मग झालं कसं?”

कुणी दीपमालाकडे पाहिलं नाही. त्यावरून तिला सगळं कळलं. कुणी पाहिलं असतं, तर तिने फणकारून उत्तर दिलं असतं.

“रविवारी या सगळ्याजणी,” ती म्हणाली. “डबा मध्ये ठेवते. बारा चिठ्ठ्या तुमच्यादेखत काढा. माझा हात नको. अप्पा काढतील. त्यात काही वावगं निघालं, तर पाडव्यापासून भिशी तेजस्विनीने चालवावी, मोबाइलवर, खुशाल.”

“काकू, तसं नव्हतं म्हणायचं मला,” तेजस्विनी म्हणाली. “अहो, बाराजणींत कुणीतरी शेवटी येणारच. आणि बारावं नाव—” पण टक्के एकदा बोलून झाले होते. त्यांचं पुढचं स्पष्टीकरण ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

रविवारी दुपारी जेवणं आटोपायच्या गडबडीत दीपमाला चिठ्ठ्या करायला बसली. एकसारखे कागद, एकसारख्या घड्या. नाव लिहायचं, घडी घालायची, डब्यात टाकायची. आठवी की नववी घडी चालू असताना कुकरची शिट्टी झाली. ती उठली, गॅस बंद केला, मसूर उतू गेलेला पुसला, परत येऊन बसली. मग डबा बंद केला.

चारला सतरंजी भरली. समाधानराव दाराशी उभे राहिले. मोठी तपासणी असली की कारखान्यात साहेब असेच दाराशी उभे राहत. कोंडाजी अप्पांनी हात धुऊन, कोपरापर्यंत बाही सारून, डोळ्यांवर स्वतःचाच रुमाल बांधला. दरवेळी डबा हलवायचा, एक चिठ्ठी काढायची, तेजस्विनीने वाचायची, सतरंजीवर ठेवायची.

पहिली चिठ्ठी दीपमालाचीच निघाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी शेजारच्या संजनाची. मग एकेक निघत गेली. चार निघाल्या, पाच निघाल्या, हर्षालीची नाही. सात झाल्यावर बायका सतरंजीवरच्या चिठ्ठ्या मोजू लागल्या. नववीला हर्षालीने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि न पिताच खाली ठेवला. दहावी कुणाची होती ते दीपमालाला ऐकूच आलं नाही. अकरावी तेजस्विनीची. ती तिने स्वतःच वाचली, आणि वाचताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

सतरंजीवर अकरा चिठ्ठ्या होत्या. अप्पांनी बारावीसाठी हात उचलला.

“थांबा,” हर्षाली म्हणाली. तिने पुढे सरकून डब्यावर झाकण लावलं आणि त्यावर तळहात ठेवला.

“अगं, काढू दे त्यांना,” संजना म्हणाली. “तुझीच तर आहे. दुसरं कोण राहिलंय?”

“माझीच आहे, तर मी चौथ्यांदा शेवटी. आणि नसली आत, तर?” हर्षालीने दीपमालाकडे सरळ पाहिलं. बुधवारपासून असं कुणी पाहिलं नव्हतं. “निघाली तर मी मोर, नाही निघाली तर वहिनी चोर. मला दोन्ही नको. लग्नात सात रात्री माझ्या घरी वाढायला उभ्या होत्या त्या. भाड्याच्या तपेल्यातून.”

“उघड तू,” दीपमाला म्हणाली. “मला भीती नाही.”

हे म्हणताना तिला कुकरची शिट्टी आठवली. ती उठली होती तेव्हा हर्षालीचं नाव लिहून झालं होतं, हे तिला नक्की आठवत होतं. घडी घातल्याचंही आठवत होतं. डब्यात टाकली का ओट्यावर मसुराशेजारी ठेवली आणि फडक्याबरोबर पुसून गेली, तेवढं आठवत नव्हतं. सगळ्यांसमोर उठून ओट्याखाली वाकून पाहणं शक्य नव्हतं. ती नंतर वाकली. तिथे लसणाची सालं होती.

“तेजस्विनी,” समाधानरावांनी दारातून विचारलं, “आत्ता किती टक्के?”

“आता टक्के नसतात काका. एकतर आहे, नाहीतर नाही.”

समाधानरावांनी मान डोलावली. तपासणी विभागात त्यांनी यापेक्षा स्पष्ट अहवाल ऐकला नसावा. पण त्याचं काय करायचं, ते त्यांनाही सुचलं नाही.

शेवटी अप्पांनी रुमाल सोडला आणि तोडगा काढला. डबा पाडव्यापर्यंत त्यांच्या घरी, कपाटावर राहील. झाकणाला सगळ्यांसमोर चिकटपट्टी लावली गेली. पाडव्याला गुढी उभारून झाली की उघडायचा. तो उघडायचा, की न उघडताच नवीन भिशी सुरू करायची, यावर सतरंजीवरच दोन तट पडले. मग डब्याने भिशी करायची की मोबाइलने, हे ठरवण्यासाठी चिठ्ठी टाकू, असं एकीने सुचवलं. चिठ्ठी टाकायला डबा कुठला, असं दुसरीने विचारलं. त्यावर सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

गुरुवार दुपारपर्यंतची माहिती अशी: डबा कोंडाजी अप्पांच्या कपाटावर, चिकटपट्टीसकट, जागेवर आहे. शिवकृपाचं मंडळ तालुक्यात आठवं आहे. मोराचं दुसरं पीस आलेलं नाही. शेणखत ठेवायला मळ्यात जागा उरलेली नाही. हर्षाली रोज सकाळी जिन्यात भेटते, “वहिनी, झाला का चहा?” असं विचारते, आणि दीपमाला “झाला,” असं म्हणते.

दीपमाला आतापर्यंत दोनदा अप्पांकडे विरजण मागायला गेली. घरी दही असताना गेली. अप्पा वाटी आणायला आत गेले, की ती टाचा उंच करून कपाटावरचा डबा हातात घेई आणि कानाशी धरून हळूच हलवी.

पहिल्या वेळी आत काहीतरी हललं. दुसऱ्या वेळी नाही.